मी येतो

भरमा, तुझं भाषण बघितलो मी.
रताळी धुताधुता. हात चिखलाचे,
म्हणून लक्ष्मीनंच फोन धरला समोर.
पिंपरीतला हॉल, मागं फ्लेक्स,
त्यावर आपल्या गावाचं नाव तीन फूट उंच.
इथं पाटीवर ते कानडीखाली एवढंसं,
त्यावरही कुणीतरी डांबर फासलंय.
चांगलं बोललास.
'माझा गाव' अकरा वेळा म्हणालास.
लक्ष्मी मोजत होती.

एक विचारू? रागावू नको.
'माझी ताई म्हणते' म्हणालास.
अक्काची ताई कधी केलास मला?
आणि मग माझ्या तोंडी घातलास,
'मी लढते, मी झुकणार नाही.'
लढते कोण म्हणतंय आपल्यात?
आई म्हणायची मी येतो, आजी म्हणायची मी जेवलो,
आणि मी बाळंतीण झालो त्या रात्री
'दमलो गं' असंच म्हणालो नर्सला.
ती गोकाकची. तिला काही चुकलंय असं वाटलं नाही.
कानडीत म्हणे 'मी'ला बाई-पुरुष नसतोच.
म्हणजे बघ, ज्या मराठीसाठी तू तिकडं घसा फोडतोयस
तिच्या क्रियापदात शेजारीण येऊन बसलीय कधीची,
पाय पसरून, सुपारी कातरत.

तुझ्या लग्नात मी 'वाढतो की' म्हणालो
तर तुझी मेव्हणी हसली होती.
तू ताटात बघत राहिलास.
तेव्हापासून तुझ्या घरी मी कमी बोलतो.

आता खरं घडलं ते ऐक.
सोमवारी पंचायतीची मीटिंग.
वरच्या गल्लीची पाइप फुटलीय, सतरा घरं,
पाणी नाही नवव्या दिवशी.
मी उभं राहून बोललो. मराठीत. सावकाश.
पीडीओ बैलहोंगलचा पोरगा, नवा,
ऐकला, कानडीत लिहिला, म्हणाला, अक्का, सही.
मी म्हणालो, मराठीत द्या.
हे मी दर महिन्याला म्हणतो,
माझ्यामागं फ्लेक्स नसतो एवढंच.
तो म्हणाला, वरनंच येत नाही, मी काय करू.
मग शिवलीला उठली, हुक्केरीची, तीन नंबर वॉर्डातली,
आणि एकेक ओळ वाचून सांगितली मला
तिच्या मोडक्या मराठीत.
सतरा घरं म्हटलेलं तिथं 'काही घरं' झालेलं.
तिनंच खोडायला लावलं. सतरा लिहून घेतलं.
आकडा मी ओळखतो त्यांचा, बसच्या पाटीवरनं शिकलोय.
मग सही केलो. मराठीत, सगळं आडनाव लांबवून.
हे झुकणं की काय ते तू ठरव.
तुला रविवार मोकळा असतो.

तुझं भाषण फिरतफिरत इकडं आलं
त्या संध्याकाळी एसटी शिनोळीतच थांबवली.
लक्ष्मी कॉलेजातनं येत होती.
तिथनं चालत आली, अंधारात,
चप्पल हातात, ओढणी डोक्यावर.
काही झालं नाही.
सांगायचं नव्हतं, ती नको म्हणाली होती.

गप्प बस म्हणत नाही मी तुला.
तिकडं तुला कर्नाटकवाला म्हणतात, माहीत आहे मला,
मग तू आणखी मोठ्यानं बोलतोस. कळतंय.

रताळ्याचा वेल ह्या वर्षी लई माजलाय.
उचलून टाकला नाही तर
जिथं टेकेल तिथं मूळ धरतो, बांध बघत नाही.
कल्लाप्पाच्या वावरात गेला होता,
ओढायला गेलो तर तो म्हणाला, राहू दे की.
राहू दिलो.

यादीत तुझं नाव अजून आहे.
कानडीत. शिवलीलानं बोट ठेवून दाखवलं,
मी अक्षरं मोजून ठेवलोय.
मतदानाला ये. बोलायला नको,
रांगेत उभं राहायला ये, ऊन लागतं तिथं.

दरवेळी 'मी येतो' म्हणून फोन ठेवतोस.
लक्ष्मी विचारते, मामा खरंच येणार काय?
मी म्हणतो, ते तसं म्हणायचं असतं.

ठेवतो आता.
नळाला पाणी आलंय बघ, आवाज येतोय.